नळी आहे, तरी लघवीला का लागतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: बाबांचं वय ७४. प्रोस्टेट वाढल्यामुळे लघवी अडकली, म्हणून नऊ दिवसांपूर्वी नळी टाकली. पिशवीत लघवी येते, तरी बाबा दर अर्ध्या तासाला "मला लघवीला जायचंय" म्हणत उठतात. ओटीपोटात कळ येते, इंद्रियाच्या टोकाशी जळजळ होते, मधूनच नळीच्या बाजूने लघवी गळून लेंगा ओला होतो. दोनदा त्यांनी नळी ओढायचा प्रयत्न केला. दवाखान्यात विचारलं तर "होतं असं, सवय होईल" एवढंच उत्तर मिळालं. गळती थांबवायला अजून जाड नळी टाकून घ्यावी का? लघवी गढूळ दिसते, अँटिबायोटिक सुरू करावं का? आणि रात्री हात बांधून ठेवावेत का?

मी सत्तावीस वर्षं मूत्रविकाराच्या वॉर्डात सिस्टर होते. आता निवृत्त आहे, पण ओळखीच्या घरांतून असे फोन अजून येतात, आणि ते बहुतेक रात्रीच येतात. त्यामुळे तुमचा प्रश्न वाचताना ते घर डोळ्यांपुढे उभं राहिलं. खाटेला अडकवलेली पिशवी, खाली अंथरलेलं जुनं धोतर, आणि "बाबा, नळी आहे हो, होऊ द्या तशीच" असं सांगून सांगून दमलेलं घरातलं माणूस.

पहिली गोष्ट ही की बाबांना खरोखर लघवीला लागतंय. भास नाही, हट्टही नाही. मूत्राशय ही स्नायूंची पिशवी आहे. दीडशे-दोनशे मिली लघवी साठली की ती पहिली हाक देते, चारशेच्या पुढे गेली की घाई करते. या पिशवीच्या तळाशी, जिथून लघवीचा मार्ग सुरू होतो तिथे, एक त्रिकोणी जागा आहे. डॉक्टर तिला ट्रायगोन म्हणतात. अख्ख्या मूत्राशयात सगळ्यात हळवी जागा तीच. आणि नळी निसटू नये म्हणून तिच्या टोकाजवळ जो पाण्याचा फुगा फुगवतात, तो नेमका त्याच जागेवर टेकतो. मूत्राशयाला फुगा वेगळा आणि लघवी वेगळी हे कळत नाही. तळाशी काहीतरी अडलंय, ते ढकलून बाहेर काढायचं, एवढंच त्याला कळतं. ते आवळतं, आणि बाबांना कळ येते. त्यात नळीची भोकं फुग्याच्या वरच्या बाजूला असतात, त्यामुळे फुग्याच्या खालची थोडी लघवी कधीच पूर्ण निथळत नाही. पिशवी भरत असली तरी आत रिकामं झाल्यासारखं वाटत नाही, ते यामुळे.

फुग्याच्या या नळीला फोले कॅथेटर म्हणतात. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातले मूत्रविकारतज्ज्ञ फ्रेडरिक फोले यांनी १९३० च्या दशकात ती रूढ केली. त्याआधी नळी बाहेरून चिकटपट्टीने नाहीतर दोऱ्याने बांधून ठेवत. फुग्याने ती भानगड संपली, पण तो टेकायला लागला सगळ्यात नाजूक जागी. नव्वदएक वर्षं झाली, जगभर अजून हीच नळी वापरतात, आणि ही कळही तेवढीच जुनी आहे.

"सवय होईल" हे अर्धं खरं आहे. पहिले दोन-तीन दिवस त्रास जास्त असतो, मग बहुतेकांचा बराच कमी होतो. नऊ दिवसांनंतरही दर अर्ध्या तासाला उठावं लागत असेल, तर मात्र कुठेतरी काहीतरी बघायचं राहून गेलंय असं मी धरून चालते. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी रात्रपाळीला एक निवृत्त एसटी ड्रायव्हर होते. रात्री एकपासून "सिस्टर, लघवीला लागलंय" म्हणून हाका मारत होते. तीन वेळा मी लांबूनच "आजोबा, नळी आहे ना, मग कसली काळजी" म्हणाले. चौथ्यांदा जवळ गेले, चादर काढली, तर नळी त्यांच्या मांडीखाली चेपली होती. त्यांना कुशीवर वळवलं आणि पिशवीत धार सुरू झाली. सातशे मिली आली. आजोबा काही बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहिले. त्यानंतर कुणीही "लागलंय" म्हटलं की मी आधी चादर काढते, मग बोलते.

तेव्हा तुम्हीही तसंच करा. बॅटरी घ्या आणि जिथे नळी बाहेर येते तिथून पिशवीपर्यंत बोट फिरवत जा. मांडीखाली चेपलीय का, खाटेच्या कडेवर दुमडलीय का, पिशवीच्या तोंडाशी पीळ बसलाय का. लेंग्याची नाडी नळीवरूनच बांधलेली मी इतक्या वेळा पाहिलीय की नळी असेपर्यंत लुंगीच नेसवा असं मी सरळ सांगते. पिशवी मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर हवी, पण जमिनीला टेकलेली नको. आणि दवाखान्यात नेताना रिक्षात पिशवी बाबांच्या मांडीवर ठेवू नका. सगळेच ठेवतात, पिशवी सांडू नये म्हणून. तेवढ्या वेळात पिशवीतली लघवी नळीतून उलटी वर जाऊ शकते आणि आतली बाहेर यायची थांबते. पायाशी धरा, पावलांच्या मध्ये.

आता ओढीचं बघू. माझ्या अनुभवात घरी नेलेल्या पेशंटच्या निम्म्या तक्रारी इथे मिटतात, आणि याला एक पैसाही लागत नाही. दीड लिटर भरलेली पिशवी म्हणजे दीड किलोचं वजन. नळी मांडीला बांधलेली नसेल तर हे वजन थेट त्या फुग्याला लटकतं, आणि बाबा उठले, वळले, खोकले की फुगा त्रिकोणावर घासतो. म्हणून पिशवी दोन तृतीयांश भरली की रिकामी करा, आणि नळी मांडीच्या वरच्या भागावर पक्की करा. पट्टी लावायची पद्धत सांगते. मांडीवरचे केस कापून घ्या, जागा पुसून कोरडी करा. आधी रुंद चिकटपट्टीचा एक तुकडा थेट कातडीवर लावा. मग दुसरा तुकडा घेऊन त्याचा मधला भाग नळीभोवती पूर्ण गुंडाळा, म्हणजे नळी त्या वेढ्यात अडकते, आणि त्याची दोन्ही टोकं पहिल्या तुकड्यावर चिकटवा. नळी मांडीवर सपाट ठेवून वरून नुसती पट्टी मारली तर ती पट्टीखालून सरकत राहते आणि पट्टी असून नसल्यासारखी होते. पट्टी आणि शरीर यांच्यामध्ये नळी थोडी ढिली ठेवा, पाय पूर्ण सरळ केला तरी ताणली जाणार नाही इतकी. एक-दोन दिवसांनी मांडी बदला. पट्टी लावल्यावर बाबांना बसवून, उभं करून, दोन पावलं चालवून बघा. ताण आला तर त्यांच्या चेहऱ्यावर लगेच कळतं.

पुरुषांमध्ये नळी महिनोन् महिने राहणार असेल तर ती ओटीपोटावर वळवून लावणं बरं. इंद्रिय खाली लोंबतं राहिलं की वळणाच्या जागी आतून व्रण होऊ शकतो. तुमच्याकडे एवढी वेळ येऊ नये असंच आपण बघू.

जाड नळीबद्दल विचारलंत. नको. गळतंय म्हणजे नळी बारीक पडतेय असं वाटणं साहजिक आहे, पण बहुतेक वेळा उलटंच असतं. मूत्राशय जोरात आवळलं की लघवी नळीत मावत नाही आणि वाट मिळेल तिथून, म्हणजे नळीच्या बाजूने, बाहेर पडते. जाड नळी टाकली की आतला मार्ग अजून ताणला जातो, चिडचिड वाढते, आवळणं वाढतं आणि गळतीही वाढते. बाबांची नळी किती नंबरची आहे ते बघा. ज्या तोंडातून फुग्यात पाणी भरतात त्यावर नंबर छापलेला असतो, आणि रंगावरूनही कळतं: १४ ला हिरवा, १६ ला नारिंगी, १८ ला लाल. नंबराला तीनने भागलं की नळीची बाहेरची जाडी मिलिमीटरमध्ये मिळते. म्हणजे १८ नंबरची नळी ६ मिलिमीटर जाड. लघवीत रक्ताच्या गाठी नसतील तर मोठ्या पुरुषाला १४ किंवा १६ पुरते. लाल तोंड दिसलं तर पुढच्या वेळी डॉक्टरांना "बारीक नळी चालेल का" असं जरूर विचारा. पुरुषांमध्ये आणि १८ किंवा त्याहून जाड नळीने हा त्रास जास्त होतो, हे ऑपरेशननंतरच्या पेशंटमध्येही दिसून आलेलं आहे.

तीच गोष्ट फुग्याची. साध्या नळीत १० मिली पाणी पुरतं. गळतंय म्हणून कुणीतरी फुग्यात आणखी पाणी भरतं, १० चं ३० करतं, आणि दुसऱ्या दिवशी पेशंट कळवळत परत येतो. मोठा फुगा म्हणजे त्या त्रिकोणावर मोठं ओझं. उलट ठरल्यापेक्षा फार कमी पाणी भरलं तर फुगा एका बाजूला कलतो आणि नळीचं टोक भिंतीला टोचतं. म्हणून ते नळीवर लिहिलंय तेवढंच हवं, आणि हे काम सिस्टरचं किंवा डॉक्टरांचं. घरी सिरिंज लावू नका. एक अपवाद सांगते. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर तीन तोंडांची जाड नळी आणि मोठा फुगा मुद्दाम ठेवतात, रक्त थांबावं आणि गाठी धुऊन निघाव्यात म्हणून. तिथे हा सल्ला लावू नका.

पोट साफ होतंय का? हा प्रश्न मी सगळ्यांना विचारते आणि बरेच जण गोंधळतात, लघवीचा आणि शौचाचा काय संबंध म्हणून. गुदाशय मूत्राशयाच्या अगदी मागे आहे. तिथे कडक मळ साचला की तो पुढे दाबतो, नळी चेपते, कळा वाढतात, गळतं. त्यात कुंथलं की फुगा खाली रेटला जातो आणि कधीकधी रक्तही येतं. नळी टाकल्यापासून बाबांचं फिरणं बंद झालं असेल, पाणी कमी झालं असेल, तर चार दिवसांत बद्धकोष्ठ होतंच. रात्री इसबगोल भरपूर पाण्याबरोबर द्या, किंवा डॉक्टरांना विचारून लॅक्ट्युलोजचं सिरप. पोट साफ झाल्याच्या दिवशी गळती थांबली, असं मला किती जणांनी आश्चर्याने सांगितलंय!

गळतंय म्हणून पाणी तोडू नका. लघवी घट्ट झाली की जास्त जळजळते आणि नळीत साकाही लवकर बसतो. हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलं नसेल, तर दिवसभरात दीड ते दोन लिटर लघवी होईल इतकं प्यायला द्या. लिंबू सरबतासारखा फिका रंग दिसला की पुरेसं समजा. बार्लीचं पाणी, धण्याचं पाणी, नारळपाणी घरोघरी देतात. मुख्य फायदा पाण्याचाच, तेव्हा आवडत असेल ते द्या. फक्त किडनीचा रिपोर्ट बिघडलेला असेल तर नारळपाणी विचारूनच, त्यात पोटॅशियम असतं. चहा दिवसातून दोनदाच. आणि जळजळ म्हटली की मेडिकलवाला जी अल्कलीच्या सिरपची बाटली पुढे करतो, ती नळी असलेल्या माणसाला मनाने देऊ नका. फुग्याच्या दाबाने येणारी कळ त्याने जात नाही. शिवाय काही जंतू लघवी आधीच अल्कली करून नळीवर क्षार चढवत असतात, त्यांना आपण हातभार लावतो.

टोकाची जळजळ वेगळी आणि ओटीपोटातली कळ वेगळी. टोकाशी बहुतेक वेळा सुकलेला चिकट स्राव असतो, तो नळी हलली की घासतो. दिवसातून एक-दोनदा साधा साबण आणि पाण्याने धुवा, शरीराकडून पिशवीकडे अशा दिशेने नळी पुसा. डेटॉल, सॅव्हलॉन, पावडर काही नको. धुताना पुढची कातडी मागे सारली असेल तर ती परत पुढे आणायला विसरू नका. मागेच राहिली तर काही तासांत सूज येऊन अडकते, आणि नळीपेक्षा मोठी भानगड होऊन बसते. बधिर करणारी लिग्नोकेन जेली टोकाशी थोडी लावली तर तिथली आग कमी होते. आतल्या कळेला तिचा उपयोग नाही.

हे सगळं करून झालं, नळी नीट वाहतेय, ओढ नाही, पोट साफ आहे, तरीही कळा येत असतील, तर मग गोळीचा विषय. आणि इथे डॉक्टरांशी नीट बोला, कारण "सवय होईल" म्हणून सहन करत बसण्याची गरज नसते. मूत्राशयाचा स्नायू अ‍ॅसिटिलकोलिन या रसायनाच्या इशाऱ्याने आवळतो. तो इशारा अडवणाऱ्या गोळ्या आहेत: ऑक्सिब्युटिनिन, टॉल्टेरोडिन, सॉलिफेनॅसिन. नळीच्या या त्रासावर आपल्याकडेच चांगलं काम झालंय. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेतल्या भूलतज्ज्ञांनी २००५ च्या सुमारास, ऑपरेशनच्या आधी टॉल्टेरोडिन दिलं तर शुद्धीवर येताना नळीचा त्रास कमी होतो, हे पेशंटचे दोन गट करून दाखवलं, आणि पुढे ऑक्सिब्युटिनिन आणि गॅबापेंटिनही तपासलं. ऑपरेशननंतर शुद्धीवर येताच "लघवी, लघवी" म्हणत उठून बसणारे तरणेताठे पेशंट मी खूप सांभाळलेत. ते काही घाबरट नव्हते. आता भूलतज्ज्ञ त्यासाठी आधीच औषध योजतात, आणि जाग आल्यावर असं वाटेल हे पेशंटला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं तर निम्मी धडपड कमी होते.

या गोळ्यांचा हिशोब ७४ व्या वर्षी जपून करावा लागतो. तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ वाढतं (आणि बद्धकोष्ठाने कळा वाढतात, म्हणजे चक्रच), काही म्हाताऱ्या माणसांना संध्याकाळनंतर गोंधळल्यासारखं होतं. काचबिंदूचा एक प्रकार असतो, त्यात त्या चालत नाहीत. ऑक्सिब्युटिनिनचा परिणाम तास-दीड तासात जाणवतो पण वृद्धांना ते जास्त बाधतं. सॉलिफेनॅसिन बहुधा ५ मिलिग्रॅम दिवसातून एकदा देतात, त्याला काही दिवस द्यावे लागतात. मिराबेग्रॉन वेगळ्या वाटेने स्नायू सैल करतं, तोंड कोरडं पडत नाही आणि डोक्यावर परिणाम कमी, पण रक्तदाब वाढू शकतो, म्हणून बीपी तपासत राहायचं. बाबांना आधीपासून कोणत्या गोळ्या चालू आहेत त्याची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवा. आणि नळी काढून बघायची तारीख ठरली की या गोळ्या कधी थांबवायच्या हेही तेव्हाच विचारा. मूत्राशय सैल करणारी गोळी चालू ठेवून नळी काढली तर लघवी परत अडकू शकते. हे विसरलं जातं. मी पाहिलंय.

दुखणं कमी व्हायला पॅरासिटामॉल चालतं. डायक्लोफेनॅक घरातल्या डब्यातून काढून देऊ नका. लघवी अडकलेल्या माणसाच्या किडनीवर आधीच दाब आलेला असू शकतो. क्रिएटिनिनचा रिपोर्ट बघितल्याशिवाय ते नकोच.

कळ आल्यावर त्या क्षणी काय करायचं, तर बाबांना कुंथू देऊ नका. संडासात जाऊन जोर लावला की कळ वाढते. कुशीवर झोपवा, गुडघे पोटाकडे घ्या, तोंडाने लांब श्वास सोडायला सांगा. ओटीपोटावर कोमट पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवा. मधुमेह असेल तर आधी स्वतःच्या हाताला लावून बघा, त्यांना चटका कळेलच असं नाही. एक कळ साधारण मिनिटभर टिकते आणि ओसरते. "आत्ता येईल आणि जाईल" हे शेजारी बसून कुणी सांगितलं तर ती सोसते.

गढूळ लघवीचं आता. नळी ही जंतूंना आत जायला कायमची उघडी वाट आहे. दर दिवसाला साधारण ३ ते ७ टक्के लोकांच्या लघवीत नव्याने जंतू सापडू लागतात, आणि महिनाभरात जवळपास सगळ्यांच्याच. त्यामुळे लघवी गढूळ आहे, वास येतो, तपासणीत पसपेशी आल्या, एवढ्यावर अँटिबायोटिक घ्यायचं नसतं. जंतू जात नाहीत, औषधाला दाद न देणारे होतात, आणि खरा ताप येतो तेव्हा आपल्या हातात औषध उरत नाही. बद्धकोष्ठ असलेल्या वृद्धांच्या पिशवीचा रंग कधीकधी चक्क जांभळा होतो. घरचे हादरतात, पण तोही जंतूंचाच रंगाचा खेळ, माणूस ठणठणीत असेल तर नुसत्या रंगाला घाबरायचं नाही. ताप, थंडी वाजणं, कमरेच्या वर पाठीत दुखणं, अंडकोष सुजणं, अचानक बरळणं, यातलं काही असेल तर मात्र वाट पाहू नका. तेव्हा नमुनाही पिशवीतून द्यायचा नाही. नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल तर ती बदलून नव्या नळीतून घेतलेला नमुनाच खरं बोलतो.

दोन-तीन तास पिशवीत काहीच आलं नाही आणि ओटीपोट ताठ लागतंय, लघवी लालभडक आहे किंवा गाठी येताहेत, नळी नेहमीपेक्षा लांब बाहेर आलेली दिसतेय, तर रात्र असली तरी निघा. नळी सरकली हे कळावं म्हणून नळी शरीरातून जिथे बाहेर येते तिथे पेनाने एक खूण करून ठेवा. आणि कुणाच्या घरी मणक्याला छातीच्या मध्याशी किंवा त्याच्या वर इजा झालेला पेशंट असेल, तर त्याला अचानक डोकं ठणकणं, चेहऱ्यावर घाम आणि बीपी चढणं हे नळी तुंबल्याचं लक्षण असू शकतं. त्याला बसतं करा, नळीचा पीळ काढा आणि लगेच दवाखाना गाठा.

हात बांधू नका. बांधलेला म्हातारा माणूस जास्त घाबरतो, जास्त ओढतो, आणि कशासाठी ओढतोय हे आपल्याला कळायचं राहून जातं. बाबा ओढतात तेव्हा ते काहीतरी सांगत असतात. आधी नळी बघा, मग पोट, मग ताप. त्यात काही सापडलं नाही तर नळी त्यांच्या नजरेआड करा, लुंगीखालून पायाच्या बाजूला घ्या. खोलीत मंद दिवा ठेवा, चष्मा आणि कानाचं यंत्र हाताशी ठेवा, हाताला काहीतरी धरायला द्या. एका आजोबांना त्यांच्या बायकोने उपरण्याला गाठी मारून दिल्या होत्या. ते रात्रभर त्या सोडवत बसायचे, नळीला हात लावला नाही. फुगलेल्या फुग्यासकट नळी ओढली तर लघवीचा मार्ग आतून फाटतो. दोनदा ओढलीय म्हणालात, तर त्या दिवसापासून रक्त दिसलं का हे डॉक्टरांना सांगाच.

राहिला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, जो तुम्ही विचारला नाहीत: नळी काढायची कधी? प्रोस्टेटमुळे पहिल्यांदाच लघवी अडकली असेल तर सहसा लघवीचा मार्ग सैल करणारी टॅम्सुलोसिनसारखी गोळी सुरू करून काही दिवसांनी नळी काढून बघतात. बाबांना ती गोळी सुरू आहे का, आणि काढून बघायची तारीख कोणती, हे कागदावर लिहून घ्या. "बघू पुढे" वर महिना जातो. त्याआधी नळीला चिमटा लावून मूत्राशयाला "सवय" लावायची पद्धत अजून काही ठिकाणी सांगतात. तिचा फायदा दिसलेला नाही, आणि चिमटा काढायचा राहिला तर त्रासच. काढल्यावरही लघवी झाली नाही तर पुन्हा हीच नळी कायमची, असं नसतं. ऑपरेशन आहे, दिवसातून काही वेळा स्वच्छ नळी घालून लगेच काढायची पद्धत आहे, ओटीपोटातून घालायची नळी आहे. कोणता मार्ग बाबांना सोसेल ते डॉक्टर ठरवतील, पण पर्याय आहेत हे तुम्हाला माहीत असलेलं बरं.

नळी सकाळी काढायला सांगा, म्हणजे दिवसभरात लघवी होते की नाही ते कळतं आणि नाहीच झाली तर रात्री धावपळ होत नाही. काढल्यावर एक-दोन दिवस थोडी जळजळ आणि घाई राहील, त्याला घाबरू नका. घरी जुनी मापाची बाटली ठेवा आणि प्रत्येक वेळी किती वाजता, किती मिली, हे वहीत लिहा. आजपासूनच लिहायला लागा: पिशवी कधी रिकामी केली, किती आली, कळ कधी आली, शौचाला कधी झाली. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना ती वही आणि नळीच्या तोंडाचा मोबाइलवर काढलेला फोटो, दोन्ही बरोबर न्या.